घड भरू द्या

मध्य प्रदेशातल्या डोईफोडियाहून बऱ्हाणपूरकडे निघालं, की तापीच्या खोऱ्यात केळीच्या बागा लागतात. या पट्ट्यात मराठी, हिंदी, कोरकू शेजारीशेजारी नांदतात आणि त्यांत ‘मॅच्युअर’ हा इंग्रजी शब्दही आता रुळला आहे. शहरातला माणूस तो पिकलेल्या फळाला लावतो. बागेत मात्र मॅच्युअर केळं हिरवंगार असतं.

केळ निसवल्यावर, म्हणजे केळफूल बाहेर पडल्यावर, घड भरायला साधारण तीन-साडेतीन महिने लागतात, थंडीत त्याहून जास्त. कोवळ्या केळ्याच्या कडा उठून दिसतात. गर भरत गेला की त्या दबतात आणि फळ गोलाई धरतं. लांबच्या बाजारासाठी ७५-८० टक्के भरलेला घड कापतात, जवळच्या मंडीसाठी ९० टक्क्यांपर्यंत थांबता येतं. पिकणं पुढे रायपनिंग चेंबरमध्ये होतं, १६ ते १८ अंश तापमानात, दमट हवेत, इथिलीनवर. या वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, कॅल्शियम कार्बाइडला बंदी. चेंबर साल पिवळी करून देतो, पण आतला गर काही वाढवत नाही. फळात स्टार्चच साठला नसेल, तर साखर कशाची होणार? ते केळं दिसायला देखणं आणि खायला फिकं.

तरी घड लवकर कापले जातात. भाव चढलेला असतो, उन्हाळी वादळाची धास्ती असते, घेणेकरी दारात असतात. अशा शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र ही घाई फार खुपते. आईबाप मजुरीला बाहेरगावी गेले, की दहा-अकरा वर्षांची मुलगी चूल पेटवते, धाकट्यांना सांभाळते आणि शाळेला मुकते. आल्यागेल्याच्या तोंडी कौतुक: पोर किती मॅच्युअर आहे! तिच्यावर पडलेल्या ओझ्याला आपण तिचा गुण समजतो. कौतुक करणाऱ्यानं आधी तिचं नाव शाळेच्या पटावर आहे का, ते बघावं. नसेल तर तिच्यासोबत मास्तरांकडे जावं. तिला अजून भरायचं आहे.

घडासाठी सोपा उपाय आहे. केळ निसवली त्या आठवड्याच्या ठरलेल्या रंगाची फीत घडाला बांधायची. निर्यातीच्या बागांत असं करतात. मग घडाचं वय कळतं आणि कापणीच्या वेळी अंदाजावरून वाद होत नाही. बऱ्हाणपूरच्या लिलावातला भाव जळगावकडचे शेतकरीही रोज बघतात. त्या लिलावात भरलेल्या मालाला कोवळ्यापेक्षा ठळकपणे जास्त दर मिळाला, तर थांबणं शेतकऱ्याला परवडेल. वादळाचं काय, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रातल्या जळगाव जिल्ह्यात केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. वारा राज्याची सीमा पाळत नाही. तसंच भरवशाचं संरक्षण डोईफोडियाच्या बाजूच्या प्रत्येक बागेला मिळायला हवं.