खजिन्याचा पैसा आणि देणगीची पावती

राज्याच्या खजिन्यात जमा होणारा पैसा कोणा एका वर्गाचा नसतो. आयकर भरणारे थोडे असतील. परंतु साबणाच्या वडीवर आणि काड्यापेटीवर कर देणारा शेतमजूर, मोटारसायकलीत शंभर रुपयांचे पेट्रोल घालून कामावर जाणारा कामगार, आणि घराच्या खरेदीखतावर मुद्रांकशुल्क भरण्यासाठी आयुष्यभराच्या पुंजीतून मोठी रक्कम वेगळी काढणारा सामान्य गृहस्थ, हे सर्वच या खजिन्याचे भरणेकरी आहेत. या पैशाचा विनियोग ज्यांच्या सहीने होतो, त्यांच्याच पक्षाचा निवडणूकखर्च जर कंत्राटदाराच्या हातून फिरून आलेल्या याच पैशातून भागवला जात असेल, तर तो केवळ हिशेबातला दोष राहात नाही. रयतेने विश्वासाने सोपवलेल्या ठेवीचा तो अपहार होय.

या धोक्याची जाणीव आपल्याला आज नव्याने झाली आहे असेही नाही. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या स्थापनेच्या नियमांत दुरुस्ती करण्याची अनुज्ञा मागितली, आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्यामुळे त्यांना ती अनुज्ञा देणे भाग पडले. परंतु ही प्रथा झपाट्याने फोफावून अखेर लोकशाहीचाच गळा आवळू शकेल, याकडे संसदेने वेळीच लक्ष द्यावे, असा स्पष्ट इशारा त्यांनी निकालपत्रात नमूद केला. त्यानंतर 1960 मध्ये मर्यादा आली, 1969 मध्ये संपूर्ण मनाई झाली, 1985 मध्ये ती उठून नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा लागू झाली, 2013 च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्क्यांवर नेली आणि 2017 मध्ये तीही काढून टाकण्यात आली. साठ वर्षांच्या या धरसोडीत एक प्रश्न मात्र कोणत्याही सरकारने पुरेशा गांभीर्याने विचारात घेतला नाही: देणगी किती द्यावी हे ठरवण्यापूर्वी ती कोणी देऊ नये, हे ठरवावयास नको काय?

देणगी आणि सरकारी मेहेरबानी यांचा संबंध किती थेट असू शकतो हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. सिमेंटवर नियंत्रण असण्याच्या काळात, मुख्यमंत्री अंतुले यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानास बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मंजूर झालेला सिमेंटचा कोटा यांत संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये काढला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. आज सिमेंटचा कोटा नाही, परवान्यांचे राज्यही बरेचसे ओसरले आहे. त्यांची जागा रस्ते, धरणे, बोगदे आणि नळपाणी योजना यांच्या कंत्राटांनी घेतली आहे, आणि ही कामे मुख्यतः करांच्या पैशावर चालतात.

ही कामे कशी दिली जातात याची रीत जाणून घेतल्याशिवाय रोगाचे मूळ सापडत नाही. दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक होते, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते. येथवर सर्व यथाविधी असते. परंतु निविदेतील अटी कोण लिहितो, अमुक इतक्या लांबीचा पूल किंवा अमुक इतक्या व्यासाचा बोगदा पूर्वी बांधलेला असावा ही अट कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, तांत्रिक लिफाफा उघडताना कोण बाद ठरतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. खात्यात आणि खात्याबाहेर ज्याला उघडपणे ‘टेंडर मॅनेज करणे’ म्हणतात ते येथेच घडते. मे 2025 मध्ये ठाणे-घोडबंदर परिसरातील बोगदा व उन्नत मार्गाच्या निविदेत तांत्रिक कारणावरून बाद झालेली एक मोठी कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. दोन्ही कामे मिळून आपली बोली सुमारे तीन हजार कोटी रुपयांनी कमी होती असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने विचारणा केल्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने लोकहिताचे कारण देऊन ती निविदाप्रक्रियाच रद्द केली. हे प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले याचे कारण बाद झालेला पक्ष बलाढ्य होता. तालुक्याच्या पातळीवर बाद होणाऱ्या सुशिक्षित बेरोजगार अभियंत्याला किंवा मजूर सहकारी संस्थेला ते सामर्थ्य नसते.

कार्यारंभ आदेश हाती पडला की दुसरा टप्पा सुरू होतो. जादा बाबी निघतात, मुदतवाढ मिळते, आणि सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ज्याला मंत्रालयात ‘सुप्रमा’ म्हणतात, ती घेऊन मूळ किंमत दुप्पट-तिप्पट होते. 2009 साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत काही महिन्यांतच सुमारे 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. या दोन गोष्टींतील कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही आणि तो सिद्ध झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु 2012 मध्ये जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी नोकरीत असतानाच या खात्यातील गैरव्यवहारांविषयी शासनाला पत्रे लिहिली, त्या अर्थी शंकेला जागा खात्याच्या आतच होती. ज्यांच्या शिवारात त्या कालव्यांचे पाणी यावयाचे होते त्या विदर्भातील शेतकऱ्याने या वाढीव किंमतीचा भार तर उचलला, आणि पाण्याची वाटही पाहिली.

दुसरीकडे, काम पूर्ण करून महिनोन्महिने देयकासाठी खात्याचे उंबरठे झिजवणारे लहान कंत्राटदार आहेत. थकीत रकमांसाठी गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या संघटनांना राज्यभर आंदोलने करावी लागली. यांतील प्रत्येकजण चोर आहे अशी भावना समाजात रूढ होणे अन्यायाचे आहे. टक्केवारी दिल्यावाचून देयक निघत नाही अशी ज्याची स्थिती झाली, तो गुन्हेगार होण्यापूर्वी बळी झालेला असतो, आणि त्या टक्केवारीची भरपाई रस्त्यावरच्या डांबराच्या थरातून झाली की पुढचा बळी त्या रस्त्याने जाणारा प्रवासी ठरतो.

हे सर्व अंधारात चालते म्हणून उपाय सापडत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. निवडणूक रोख्यांच्या योजनेने तो अंधार कायद्यानेच अधिक दाट केला होता. 2017 च्या वित्त विधेयकाद्वारे कायद्यांत दुरुस्त्या करून जानेवारी 2018 मध्ये अधिसूचित झालेल्या या योजनेत देणगीदार कोण हे मतदाराला कळू नये अशीच तजवीज होती. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने घेतलेले आक्षेप बाजूला सारण्यात आले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी मुख्य न्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली, आणि स्टेट बँकेची मुदतवाढीची मागणी फेटाळून सारा तपशील जाहीर करावयास लावला. सहा वर्षांत 16,500 कोटींहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते. खरेदीदारांत दुसऱ्या क्रमांकावर, 966 कोटी रुपयांचे रोखे घेणारी, हैदराबादची एक बांधकाम कंपनी होती. तिने एप्रिल 2023 मध्ये मोठ्या रकमेचे रोखे घेतले आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे 14,000 कोटींहून अधिक किमतीचे काम तिला मिळाले. हा क्रम म्हणजे लाचेचा पुरावा नव्हे, आणि अशा देवाणघेवाणीच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये अमान्यही केली आहे. तथापि येथेच आमचा मूळ मुद्दा येतो. अशा प्रत्येक प्रकरणात लाच सिद्ध करण्याची जबाबदारी नागरिकावर टाकणे हेच चूक आहे. कारण देणारा आणि घेणारा दोघेही तृप्त असतात आणि ज्याचे गेले तो त्या व्यवहारात उपस्थितच नसतो. म्हणून असा प्रसंगच उद्भवू नये, अशी व्यवस्था कायद्याने केली पाहिजे.

अशा व्यवस्थेची बीजे आपल्या कायद्यांत आहेत. सरकारी कंपनीने राजकीय पक्षाला देणगी देऊ नये असे कंपनी कायद्याचे कलम 182 सांगते, कारण तिचा पैसा जनतेचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे सरकारशी कामाचे कंत्राट चालू असलेली व्यक्ती आमदार किंवा खासदार होण्यास अपात्र ठरते, कारण तिचा स्वार्थ व तिचे कर्तव्य यांत विरोध येतो. मग जी खासगी कंपनी सरकारी कामांच्या देयकांवरच जगते, तिचा पैसा कोणाचा? आणि जो इसम स्वतः आमदार होऊ शकत नाही, त्याने आमदार निवडून आणण्याचा खर्च मात्र उचलावा, यात कोणते तत्त्व राखले गेले? अमेरिकेत निवडणुकांवर धनाचा प्रभाव आपल्यापेक्षा कमी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण तेथेही संघीय सरकारच्या कंत्राटदारांना संघीय निवडणुकीसाठी देणगी देण्यास 1940 पासून मनाई आहे.

पक्षांना पैसा लागतो हे आम्ही नाकारीत नाही. इंद्रजित गुप्ता समितीने 1998 मध्ये सरकारी साहाय्याचा जो पर्याय सुचविला, त्याचा विचार अवश्य व्हावा. त्याचप्रमाणे, देणगीदार आणि लाभार्थी पक्ष या दोघांची नावे जाहीर करूनही कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे उघड न करणाऱ्या निर्वाचन न्यासांच्या पद्धतीतही दुरुस्ती झाली पाहिजे. परंतु या दीर्घ वादांची वाट न पाहता संसदेने कलम 182 मध्ये एवढीच भर घालावी की, सार्वजनिक कंत्राट चालू असताना, त्यापूर्वीची तीन वर्षे आणि त्यानंतरची तीन वर्षे, कोणत्याही कंत्राटदाराने, त्याच्या संचालकाने किंवा उपकंपनीने कोणत्याही पक्षास देणगी देऊ नये. महाराष्ट्र शासनाला तर संसदेकडे पाहण्याचेही कारण नाही. मागील तीन वर्षांत कोणत्या पक्षाला, कोणत्या न्यासाला किती रक्कम दिली याचे प्रतिज्ञापत्र प्रत्येक निविदेसोबत घ्यावे, ते कार्यारंभ आदेशाबरोबर संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे, आणि खोटे आढळल्यास कंत्राट रद्द करून सुरक्षा ठेव जप्त करावी. यासाठी एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि तो येत्या अधिवेशनापूर्वी काढावा, अशी आमची राज्य शासनाकडे मागणी आहे.