किंमत सारखी, माल सारखा नव्हे

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली, की आमच्या शिरगावातील काही पालक हमखास शाळेत डोकावतात. शाळेचा मुख्याध्यापक म्हणजे सर्व विषयांचा जाणकार, ही समजूत गावाने अद्याप सोडलेली नाही. पूर्वी कला घ्यावी की वाणिज्य, हा प्रश्न असे. अलीकडे तो असा असतो: मुलाने दोन गेमिंग लॅपटॉपांची नावे पुढे ठेवली आहेत, दोहोंची किंमत जवळजवळ एकच आहे, मग घ्यावा कोणता? आमचा अभ्यास मराठी वाङ्मयाचा. तरीही प्रश्न वारंवार येऊ लागल्यामुळे, अभियंते झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस विचारून आम्ही हा विषय समजून घेतला. जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या शतकाच्या आरंभी गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आज पैसा आपला आणि निवडही आपलीच. हा पैसाही थोडाथोडका नव्हे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा टिपरच्या हप्त्यांनी डिचोली तालुक्यातील घरांचे काय झाले, ते येथील वाचकांस सांगावयास नको. अशा घरांतून ऐंशी-नव्वद हजार रुपये एका वस्तूसाठी निघतात, तेव्हा ती वस्तू डोळसपणे घेणे अगत्याचे ठरते.

पहिली गोष्ट ही ध्यानी घ्यावी, की किंमत सारखी असली म्हणजे माल सारखा असतो असे नाही. ठरावीक किमतीत यंत्र बसवावयाचे तर प्रत्येक कारखानदार कोठेतरी काटकसर करतोच. एक पडद्यात करतो, दुसरा मेमरीत, तिसरा थंडाव्याच्या व्यवस्थेत. सबब ‘चांगला कोणता?’ असे विचारण्याऐवजी ‘याने काटकसर कोठे केली आणि ती आपल्या मुलास सोसवेल काय?’ असे विचारावे. जाहिरातीत जे ठळक असते तेथे ती काटकसर सहसा नसते.

जाहिरातीत सर्वांत ठळक असते ते ग्राफिक्स चिपचे नाव. परंतु एकाच नावाची चिप दोन लॅपटॉपांत सारखी चालेलच असे नाही. एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची चिप घ्या. तिला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा कंपनीने ठेवली आहे. किती द्यायची ते लॅपटॉप बनविणारा ठरवितो. आमच्या गावातल्या माणसास हे पटकन समजते. इंजिन एकच असलेले दोन टिपर असले, तरी ज्याच्या इंजिनाला डिझेल कमी पोहोचते तो भरल्या मालाने चढणीवर मागेच राहणार. लहान चिपला भरपूर वीज मिळाली आणि मोठ्या चिपला तुटपुंजी, तर दोहोंमधील अंतर पुष्कळच कमी होते. मात्र एक भेद विजेने भरून निघत नाही. आरटीएक्स ४०५० च्या लॅपटॉपमधील चिपजवळ स्वतःची मेमरी ६ जीबी असते, ४०६० जवळ ८ जीबी. नवे मोठे खेळ पूर्ण तपशिलाने खेळावयाचे असतील, तर हे दोन जीबी पुढे जाणवतात. वॅटचा आकडा बहुधा कंपनीच्या तपशीलपत्रकात बारीक अक्षरांत असतो. दुकानात चालू यंत्र असल्यास एनव्हिडियाच्या नियंत्रण फलकावरही तो पाहता येतो. विक्रेत्यास तो दाखविण्यास सांगण्यात संकोच करू नये.

दुसरी गोष्ट पडद्याची. ‘१४४ हर्ट्झ’ म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलण्याची क्षमता. ती खेळास उपयोगी खरी. पण त्याच पत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल, तर पडदा फिक्या रंगांचा आहे असे समजावे. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेला पडदा त्याहून पुष्कळ सरस. उजेड २५० निट्स असेल, तर खिडकीजवळ बसून काम करणे त्रासाचे. ३०० च्या वर असल्यास बरे. खेळ दोन तास चालेल, परंतु पडद्याकडे मुलगा चार वर्षे पाहणार आहे.

तिसरी मेमरी. १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या असल्यास काम अधिक वेगाने होते. मेमरी पुढे वाढविता येते की पट्ट्या कायमच्या डागून टाकल्या आहेत, हे विचारून घ्यावे. ‘नंतर वाढवू’ या विचारावरही फार विसंबू नये. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर एकाएकी चढले, हे ताजे उदाहरण आहे.

यानंतर आपल्या प्रदेशाचा विचार. गेमिंग लॅपटॉप तापतो आणि पंख्याने हवा ओढतो. आमच्याकडे त्या हवेत दमटपणा असतो, खाणपट्ट्यात तांबडी धूळही असते. म्हणून हवा खेळण्यासाठी पुरेशा झडपा आहेत का, आणि खालचे झाकण उघडून पंखे साफ करून घेता येतात का, हे पाहावे. गादीवर ठेवून तो कधीच चालवू नये. बॅटरीविषयीही भ्रम नसावा. ६० वॅट-अवरची बॅटरी आणि १२० वॅटची मागणी, म्हणजे हिशोबाने अर्धा तास. म्हणूनच तारेवाचून हे यंत्र आपला वेग आपणच आवरते. त्याचे वजन सव्वादोन ते अडीच किलो, शिवाय चार्जर अर्ध्या किलोच्या घरात. रोज बसने जाणाऱ्या मुलाच्या खांद्याचाही हिशोब किमतीत धरावा.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक पालक आले होते. खाणीवर टिपर चालवीत. पुढे तो विकला. मुलास फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेत प्रवेश मिळाला होता. एका लॅपटॉपात ४०६० चिप, पण वीज ७५ वॅटच. पडदा फिका, मेमरीची एकच पट्टी, आणि बिघाड झाल्यास यंत्र पणजीस नेऊन द्यावयाचे. दुसऱ्यात ४०५०, वीज शंभर वॅटच्या आसपास. पडदा उत्तम, पट्ट्या दोन, आणि दुरुस्तीस माणूस घरी येणार. मुलाचा ओढा पहिल्याकडे होता. आम्ही त्यास एवढेच विचारले, की याचा उपयोग कशासाठी? तो प्रथम म्हणाला, ‘अभ्यासासाठी.’ त्यावर आम्ही म्हणालो, की निव्वळ अभ्यासासाठी पन्नास-पंचावन्न हजारांचा, दीड किलो वजनाचा साधा लॅपटॉप बऱ्याच अंशी पुरेल. तेव्हा तो वडिलांकडे पाहून म्हणाला, ‘बाबा, रात्री मित्रांबरोबर खेळायचंही आहे.’ वडील हसले. ते म्हणाले, ‘मग तसं सांग ना. खेळायला मी कधी नको म्हटलं?’

त्यानंतर निवड सोपी झाली. मित्रांबरोबर तो जे खेळ खेळणार होता, त्यांस ४०५० पुरेशी होती. यंत्रांच्या त्रिमितीय आकृत्यांसाठीही ती चालणार होती. रंगीत पडदा आणि घरपोच दुरुस्ती यांचा लाभ मात्र रोजचा. त्यांनी दुसरा घेतला. सर्वांत जड खेळ पूर्ण तपशिलाने चालणार नाहीत, हे मुलास आधीच सांगितले होते व त्याने ते मान्य केले होते. उद्या एखाद्या मुलास नेमके तेच खेळ हवे असतील किंवा त्रिमितीय चित्रपटांचे काम शिकावयाचे असेल, तर त्याने ८ जीबीच्या चिपकडेच वळावे आणि फिका पडदा सोसावा, असा सल्ला आम्ही देऊ.

पालकांस आमची विनंती ही, की मुलास ‘खेळासाठी’ हा शब्द निर्भयपणे उच्चारू द्यावा. तो दडपला गेला, की घरात चुकीच्या कारणासाठी यंत्र येते आणि पुढे प्रत्येक रात्री त्यावरून कुरबुर होते. मुलांनीही हे ध्यानी ठेवावे, की वडिलांपुढे अर्धी गोष्ट मांडून मिळविलेली वस्तू घरात मोकळेपणाने वापरता येत नाही.

खरेदीच्या दिवशी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, खोक्यावरील क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि घरपोच दुरुस्तीची हमी आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे. शहरात जी सेवा सहज मिळते ती आपल्या वाडीपर्यंत येतेच असे नाही, आणि हा भेद कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो.