गणिताचा निरोप घेण्यापूर्वीं

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत एक उद्गार हटकून ऐकूं येतो : "सुटलों एकदांचे गणितांतून !" हा उद्गार काढणारीं मुलें नापास झालेलीं नसतात, उलट त्यांतील कित्येक चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेलीं असतात. कोणास डॉक्टर व्हावयाचें असतें, कोणास औषधें तयार करण्याचें शास्त्र शिकावयाचें असतें, आणि अकरावींत जीवशास्त्र घेतलें कीं गणित सोडतां येतें ही बातमी त्यांस कोठून तरी आधींच लागलेली असते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंतहि पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र एवढेच विषय असतात. मग ज्याची परीक्षाच नाहीं तें शिकावयाचें कशाला, असा रोकडा सवाल मुलें करितात, आणि पालकहि मान डोलावतात.

या बाबतींत सारा दोष मुलांच्या व पालकांच्या माथीं मारून आम्हां शिक्षकांस मोकळें होतां येणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगी होती. जास्वंदीच्या फुलाची आकृति काढावी तर तिनेंच, इतकें तिचें निरीक्षण बारीक. गणितांत मात्र ती अडखळे. दहावीच्या वर्षीं तिचे वडील सल्ला विचारावयास आले, तेव्हां आम्हीं मोठ्या जाणतेपणानें सांगितलें, "मुलीला जीवशास्त्राकडे घाला, गणित हा तिचा प्रांत नव्हे." त्या भल्या गृहस्थानें मास्तरांचा शब्द प्रमाण मानला. पुढें पांच वर्षांनीं ती मुलगी बी. एस्सी. च्या वर्गांत असतां आमच्या घरीं आली. जंतूंची वाढ दाखविणारा एक आलेख तिच्या हातीं होता. ती म्हणाली, "सर, सूक्ष्मदर्शकाखालीं काय दिसतें तें मला समजतें, पण ही रेघ आधीं उभी चढून मग आडवी कां होते, तें कळत नाहीं. गणित माझ्या कामाचें नाहीं, असें तुम्हीच म्हणालां होतां ना ?" तिच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस फार लागलें. तो आलेख तिला समजावयास पाऊण तासाहून अधिक वेळ लागला नाहीं. तिला गणित येत नव्हतें असें नव्हे. तिच्या आवडीच्या विषयांत गणित कोठें दडलेलें आहे, तें आम्हीं तिला कधीं दाखविलेंच नव्हतें.

तेव्हांपासून इतर ठिकाणीं या प्रश्नाचा विचार कसा झाला आहे तें आम्ही शोधूं लागलों, आणि अमेरिकेंतील लॉस एंजेलीस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचें उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटलें. अमेरिकेंत गणित आपल्याकडील अकरावीप्रमाणें सुटत नाहीं. जीवशास्त्र घेणाऱ्यासहि तें महाविद्यालयांत बहुधा शिकावेंच लागतें. परंतु तें असे ते कलनशास्त्र, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या व यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सोयीनें रचलेलें. धांवती गाडी, पडता दगड, वक्ररेषेखालचें क्षेत्रफळ, हीं त्याचीं ठरलेलीं उदाहरणें. विद्यार्थी तें पाठ करून परीक्षा देत, आणि पेशी, रक्त, रोग यांच्याशीं त्याचा काय संबंध, तें अनेकांस शेवटपर्यंत उमगत नसे. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००३ सालीं 'बायो २०१०' या नांवाचें एक प्रतिवृत्त प्रसिद्ध करून, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांस गणिताचें शिक्षण अधिक व निराळ्या रीतीनें दिलें पाहिजे, असें आग्रहानें सांगितलें.

लॉस एंजेलीस येथें २०१३ सालीं हा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे प्रमुख प्रवर्तक ॲलन गारफिंकेल हे हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडाचा गणिताच्या साहाय्यानें अभ्यास करणारे प्राध्यापक होत. त्यांनीं जेन शेवत्सोव्ह व यीना ग्वो यांच्यासह लिहिलेलें 'मॉडेलिंग लाइफ' हें पाठ्यपुस्तक २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. या अभ्यासक्रमास येणाऱ्या विद्यार्थ्यास कलनशास्त्र आधींच आलें पाहिजे अशी अट नाहीं. त्यास प्रारंभीं एवढेंच विचारतात : आज अमुक वस्तु किती आहे, ती कशामुळें वाढते, आणि कशामुळें घटते ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मांडलीं कीं बदलाचें समीकरण तयार झालें. मग 'आजची स्थिति, अधिक क्षणभरांत होणारा बदल, बरोबर पुढच्या क्षणाची स्थिति', ही बेरीज पुन्हां पुन्हां करीत जावयाचें. हजारों वेळां करावयाची ही बेरीज संगणक करितो. परंतु त्यास आज्ञा देणारी संहिता विद्यार्थ्यानें स्वतः लिहावी लागते.

उदाहरणार्थ, त्या वर्गांत शिकविला जाणारा मोठा मासा व छोटा मासा यांचा प्रश्न घ्या. त्याचें मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळांत आहे. एड्रियाटिक समुद्रावरील फ्यूम बंदराच्या बाजारांत १९१४ सालीं आलेल्या एकंदर मासळींत शार्क व त्या जातीच्या हिंस्र माशांचें प्रमाण शेंकडा ११.९ होतें. युद्धामुळें मासेमारी बरीचशी थांबली, आणि १९१८ सालीं हेंच प्रमाण शेंकडा ३६.४ वर गेलें. युद्ध संपून कोळी पुन्हां समुद्रावर जाऊं लागले, तेव्हां १९२३ सालीं तें १०.७ वर उतरलें. जाळीं कमी पडल्याबरोबर हिंस्र माशांचाच वांटा इतका कां वाढावा ? उंबेर्तो द'आंकोना या प्राणिशास्त्रज्ञानें हें कोडें आपले श्वशुर, इटलींतील प्रसिद्ध गणिती व्हीटो व्होल्टेरा, यांच्यापुढें ठेविलें. आणि व्होल्टेरा यांनीं १९२६ सालीं तें दोन समीकरणांनीं सोडविलें. भक्ष्य वाढलें कीं भक्षक वाढतात, भक्षक वाढले कीं भक्ष्य घटतें, आणि भक्ष्य घटलें कीं भक्षकांची उपासमार होते. हें रहाट अखंड फिरत असतें. आणि दोन्ही जाती सारख्याच पकडणारी मासेमारी थांबली तर सरासरीनें लाभ भक्षकाचा होतो. एका घरांत प्राणिशास्त्र व गणित यांची गांठ पडली, म्हणून हें कोडें सुटलें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

अशा रीतीनें शिकलेल्या विद्यार्थ्यांचा अनुभव काय ? प्रथम मूठभर विद्यार्थ्यांनिशीं आरंभिलेला हा वर्ग पुढें दरसाल हजारावर विद्यार्थी घेऊं लागले. तेथील अध्यापकांनीं २०२१ सालीं आपली पाहणी प्रसिद्ध केली, तींत दोन गोष्टी आढळल्या. एक अशी कीं, वर्ग संपतेवेळीं विद्यार्थ्यांची या विषयाची गोडी आरंभापेक्षां पुष्कळ वाढलेली होती. दुसरी अशी कीं, जुन्या पद्धतीचें कलनशास्त्र शिकून आलेल्या सोबत्यांपेक्षां या विद्यार्थ्यांस पुढील रसायन व पदार्थविज्ञानाच्या वर्गांत अधिक चांगले गुण मिळाले. एका विद्यापीठाच्या अनुभवावरून साऱ्या जगाचा न्याय करूं नये, हें खरें. तथापि, 'मला गणित येत नाहीं' असें म्हणणाऱ्या पुष्कळांस तें येऊं शकतें, फक्त दाराची बाजू बदलावी लागते, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं.

हें सारें परदेशचें म्हणून कोणी बाजूस सारूं नये. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें कित्येक वर्षें त्यानें घरेंच्या घरें ओस पाडलीं, हें जुन्या कुटुंबांत अद्यापि सांगतात. या देशांत वैद्यकीय नोकरी केलेले मॅकेंड्रिक हे डॉक्टर, व प्रयोगशाळेंतील अपघातांत दृष्टि गमावलेले त्यांचे सहकारी करमॅक, या दोघांनीं १९२७ सालीं सांथींच्या गणिताविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत पडताळ्यासाठीं घेतलेला आलेख मुंबईचाच आहे : डिसेंबर १९०५ पासून जुलै १९०६ पर्यंत दर आठवड्यास प्लेगनें किती माणसें मेलीं, त्याचा. प्लेग उंदीर व पिसवा यांच्या द्वारें पसरतो. म्हणून माणसांपुरतें तें समीकरण ढोबळच, ही जाणीव त्यांसहि होती. परंतु त्यांनीं एक मोठें तत्त्व दाखवून दिलें. सांथ थांबावयास रोग होण्याजोगा प्रत्येक माणूस आजारी पडावा लागत नाहीं. अशा माणसांची संख्या एका मर्यादेखालीं आली कीं सांथ ओसरूं लागते. लस सर्वांस टोंचतां आली नाहीं तरी पुष्कळांस टोंचल्यानें उरलेल्यांचेंहि रक्षण कां होतें, तें या तत्त्वावरून समजतें. २०२० सालच्या करोनाच्या सांथींत सरकारांपुढें जे अंदाज मांडले गेले, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशीं याच घराण्यांतील समीकरणें होतीं. त्या आलेखाचा एकेक ठिपका म्हणजे आपल्याच लोकांच्या घरांतील रडें होय ; तो वाचतां येणें हें डॉक्टराचें काम नाहीं, असें कोण म्हणेल ?

आतां मुलांनीं एक हिशेब स्वतः करून पाहावा. असें समजा कीं, आजोबांस रोज सकाळीं १०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावयाची आहे, आणि पोटांत गेलेल्या औषधांतील निम्मा भाग शरीर एका दिवसांत बाहेर टाकतें. पहिल्या दिवशीं गोळी घेतांच शरीरांत १००. दुसऱ्या दिवशीं उरलेले ५० व नवे १०० मिळून १५०. तिसऱ्या दिवशीं १७५. चौथ्या दिवशीं १८७.५. हा आंकडा वाढतच जाईल काय ? नाहीं, तो २०० च्या अगदीं जवळ जाऊन स्थिरावेल, कारण तेथें जितकें जातें तितकेंच येतें. आतां आजोबा एक दिवस गोळी विसरले असें धरा. त्या सकाळीं शरीरांत २०० ऐवजीं १०० च असतील. दुसऱ्या दिवशीं गोळी घेऊनहि १५०, तिसऱ्या दिवशीं १७५. एका दिवसाची चूक भरून यावयास कित्येक दिवस लागतात. यांत सातवीच्या मुलास न येण्याजोगें काय आहे ? तरीहि डॉक्टर औषध वेळेवर घ्या असें कां बजावतात, याचें हें एक मोठें कारण आहे.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. गणिताचे निष्ठावंत शिक्षक म्हणतील कीं, असें उदाहरणांच्या पाठीवर बसून आलेलें गणित पांगळें असतें. सिद्धता हा गणिताचा प्राण, तो यांत राहत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. ज्यास गणितीच व्हावयाचें आहे त्यास सिद्धतेची वाट सोडून चालणार नाहीं. परंतु ज्यानें भीतीनें वाटच सोडली, त्यास आधीं वाटेवर तर आणलें पाहिजे. दुसरा आक्षेप पालकांचा : मुलांवर आधींच शिकवण्यांचा व प्रवेशपरीक्षेचा भार, त्यांत हें नवें ओझें कशाला ? हा भार आम्ही रोज डोळ्यांनीं पाहतों. तो हलका लेखण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. अकरावींत प्रत्येकानें गणित घेतलेंच पाहिजे, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, विषय सोडावयाचा तर वेळ पुरत नाहीं म्हणून सोडावा. बुद्धि नाहीं अशा समजुतीनें, किंवा पुढें तो कधीं लागणार नाहीं अशा भरंवशावर, सोडूं नये. पहिली समजूत मुलाचें मन खच्ची करिते, आणि दुसरा भरंवसा खोटा ठरतो.

विद्यार्थिमित्रहो, गणिताचा निरोप घ्यावयाचाच असेल तर घ्या. पण पाठ फिरवून घेऊं नका. वृत्तपत्रांत एखादा आलेख दिसला तर तो ओलांडून पुढें न जातां, ही रेघ येथें कां वळली, एवढें स्वतःस विचारा. पालकांस आमची विनंति कीं, "आमच्या घरांत कोणालाच गणित येत नाहीं" हें वाक्य मुलांदेखत उच्चारूं नये. तें तीं वारसाहक्कासारखें उचलतात. आणि आम्हां शिक्षकांविषयीं म्हणाल तर, नववी-दहावीच्या ज्या मुलांचा ओढा जीवशास्त्राकडे आहे, त्यांच्यासाठीं येत्या जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास आम्ही राखून ठेविणार आहों. त्या तासाला गुण नाहींत, परीक्षा नाहीं. जीवशास्त्राचे शिक्षक प्रश्न आणतील, आणि गणिताचे शिक्षक मुलांच्या शेजारीं बाकावर बसून तो सोडवूं लागतील.

ज्या मुलीची हकीकत आम्हीं आरंभीं सांगितली, तिच्या वडिलांस दिलेला सल्ला आतां परत घेतां येत नाहीं. तो दुसऱ्या कोणा मुलीच्या वडिलांस आम्ही पुन्हां देणार नाहीं, एवढें वचन मात्र या पानावर लिहून ठेवितों.