चहाच्या किटलीतला सोमल

नातवंडं हल्ली मला 'आजीची खुनाची मालिका' म्हणून चिडवतात. चिडवू देत. इंग्रज लोक जुन्या काळावरच्या मालिका फार निगुतीने करतात आणि मला त्या आवडतात, यात लपवण्यासारखं काय आहे? यावेळी पाहिली ती 'डार्क एंजल'. आयटीव्हीवर २०१६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन भागांत झालेली. 'डाउन्टन अ‍ॅबी' पाहिलेल्यांना त्यातली गुणी, सोशिक अ‍ॅना आठवत असेल. तीच जोअ‍ॅन फ्रॉगॅट इथे चहाच्या किटलीत विष कालवते. गंमत बघा, तिकडे अ‍ॅनाच्या नवऱ्यावर पहिल्या बायकोला सोमल घातल्याचा आळ आला होता, आणि इकडे सोमल हिच्याच हातात!

गोष्ट खरी घडलेली आहे. मेरी अ‍ॅन कॉटन ही इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डरहॅम परगण्यातली, कोळशाच्या खाणींच्या मुलखातली बाई. जन्म १८३२ चा. चार लग्नं केली. त्यातलं चौथं तर तिसरा नवरा जिवंत असतानाच. पहिला नवरा विल्यम मोब्रे १८६५ च्या जानेवारीत गेला तेव्हा विम्याचे ३५ पौंड मिळाले, म्हणजे मजुराची साधारण सहा महिन्यांची कमाई. दुसरा जॉर्ज वॉर्ड पुढच्याच वर्षी गेला. तिसरा जेम्स रॉबिन्सन मात्र वाचला. बायको आयुष्याचा विमा काढा म्हणून मागे लागली आणि तिने परस्पर कर्ज करून ठेवल्याचंही कळलं, तेव्हा त्याने तिला घराबाहेर काढलं. चौथा फ्रेडरिक कॉटन १८७१ मध्ये गेला. तिच्या तेरा मुलांपैकी अकरा दगावली. शिवाय आई, सावत्र मुलं, एक प्रियकर... एकूण एकवीस बळी असावेत, असं सांगितलं जातं.

'असावेत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दाभोवतीच आहे.

कोर्टात तिच्यावर खटला चालला तो एकाच खुनाचा. चार्ल्स एडवर्ड कॉटन, वय वर्षे सात, तिचा सावत्र मुलगा. वेस्ट ऑकलंड गावात १८७२ च्या जुलैमध्ये तो गेला. आणखी तिघांचे देह उकरून तपासले, त्यांतही सोमल निघाला आणि तो पुरावा ज्यूरीपुढे आला. पण मोब्रे, वॉर्ड, तिची आई, पहिल्या लग्नाची ती सगळी पोरं यांच्याबाबत कुणीच काही सिद्ध केलेलं नाही. मालिकेत मात्र सगळं पडद्यावर दिसतं. किटली दिसते, पूड दिसते, तिचा शांत चेहरा दिसतो. आणि एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस 'असावेत' विसरतो.

कुणी म्हणेल, तिने केलंच असणार, मग एवढा कीस कशाला काढायचा? मलाही वाटतं की बहुतेक केलं असणार. पण त्या काळच्या खाणवस्तीत पटकी होती, टायफॉइड होता, घाणेरडं पाणी होतं आणि मुलं माशांसारखी मरत होती. सोमलाची लक्षणं म्हणजे उलट्या, जुलाब, पोटात कळा. डॉक्टर 'गॅस्ट्रिक फीवर' लिहून मोकळे होत. खुनी बाई इतकी वर्षं लपली ती याच गर्दीत. प्रत्येक मरण खून म्हणूनच दाखवलं, की ही गर्दीच नाहीशी होते. मग प्रेक्षकाला प्रश्न पडतो, 'अरे, कुणालाच कसं कळलं नाही?' वास्तविक खरी भयंकर गोष्ट हीच, की न कळणं किती सोपं होतं.

आता कायदा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. १८५१ च्या कायद्याने सोमल विकताना वहीत नोंद करणं सक्तीचं केलं होतं. पांढरी पूड साखरेत-पिठात खपून जाऊ नये म्हणून किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची होती. सज्ञान नसलेल्याला तो विकायचा नाही, असंही होतं. आणि इथे माझ्या अंगावर काटा आला. ढेकूण मारायला म्हणून सोमल आणि मऊ साबण आणायला मेरी अ‍ॅनने पाठवलं ते या सात वर्षांच्या चार्ल्सलाच! दुकानदाराने कायद्याप्रमाणे नाही म्हटलं. मग शेजारणीला पाठवून आणवला. दुकानदाराने नियम पाळला आणि पोरगं तरीही गेलं.

मग ती सापडली कशी? थॉमस रायली नावाचा, गरिबांच्या मदतीचं काम बघणारा गावातला एक अधिकारी होता. या पोराला वर्कहाउसमध्ये पाठवता येईल का, असं मेरी अ‍ॅनने त्याला विचारलं. तिलाही बरोबर जावं लागेल, असं तो म्हणाला. त्यावर ती बोलून गेली की हा काही फार दिवस त्रास देणार नाही, बाकीच्या कॉटन मंडळींसारखा हाही जाईल. काही दिवसांतच पोरगं गेलं. रायली थेट पोलिसांकडे गेला आणि डॉक्टरला म्हणाला, मृत्यूचा दाखला इतक्यात देऊ नका. इकडे ही बाई विम्याचे साडेचार पौंड आणायला निघालेली. दाखल्याशिवाय पैसे नाहीत म्हणून परत फिरली. पहिल्या चौकशीत 'नैसर्गिक मृत्यू' ठरलासुद्धा. पण डॉक्टर किलबर्नने पोटातला अंश राखून ठेवला होता. तो तपासला, तर सोमल!

चाळीस वर्षं हजेरीपट घेतलेल्या बाईला या रायलीचं महत्त्व सांगावं लागत नाही. वर्गातलं एखादं मूल चार दिवस दिसलं नाही, की कुणीतरी विचारावं लागतं, 'अरे, तो कुठाय?' बहुतेक वेळा सर्दी-तापच असतो. पण विचारणाऱ्याला ते आधी ठाऊक नसतं. मेरी अ‍ॅन एका गावातून दुसऱ्या गावात जाई, आडनाव बदले. त्यामुळे मागची मरणं आणि पुढची मरणं एकाच पानावर कधी आलीच नाहीत. रायलीने ती आपल्या डोक्यात एका पानावर आणली, एवढंच. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला इंग्लंडमध्ये आवश्यक झाला तो १८७४ च्या कायद्याने. तिला फाशी देऊन तेव्हा एक वर्ष होऊन गेलं होतं.

तिची बाजूही ऐकायला हवी. वकिलाने मांडलं की हिरव्या रंगाच्या भिंतीच्या कागदातला सोमल पोराच्या श्वासातून गेला असेल. हे अगदीच हास्यास्पद नव्हतं, कारण त्या काळच्या हिरव्या रंगात सोमल असायचाच. ज्यूरीने दीड तासात दोषी ठरवलं. तुरुंगातच तिला मुलगी झाली होती. २४ मार्च १८७३ ला डरहॅमच्या तुरुंगात फाशी झाली, तीही नीट नाही. दोर आखूड सोडल्यामुळे जीव जायला काही मिनिटं लागली. 'ब्रिटनची पहिली स्त्री सीरियल किलर' हे बिरुद मात्र मला पटत नाही. विषप्रयोगासाठीच कॅथरीन विल्सनला लंडनमध्ये १८६२ मध्ये फाशी झाली होती, आणि तिच्यावरही अनेक बळींचा संशय होता.

मालिका बघू नका असं मी म्हणत नाही. जरूर बघा, काम उत्तम झालंय. फक्त माझी तक्रार अशी की बाईचा चेहरा आपल्याला दोन भाग भरून दिसतो, आणि मुलं मात्र येतात, खोकतात, जातात. बाईचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, पोरांचे नुसते आकडे. निदान एक नाव तरी ध्यानात ठेवू या. चार्ल्स एडवर्ड कॉटन, वय सात. सिद्ध झालेला एवढाच, आणि कुणीतरी वेळ काढून चौकशी केली तोही एवढाच.

असो. सोमल आता दुकानात मिळत नाही, पण 'तो कुठाय?' असं विचारणारं माणूस अजून लागतंच. तुमच्या आळीत आहे का कुणी असं? असेल तर जरूर लिहा.