शर्यत झाली, आता साइडपट्टीचं बोला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण भोर, वेल्हे, मुळशी आणि घाटाखालच्या महाडकडच्या लोकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही सायकल शर्यत झाली. चार टप्पे, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे संघ. यूसीआयच्या २.२ दर्जाची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. चांगलंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तेव्हापासून जो तो म्हणतोय, "आता आपला भाग सायकलिंगचं केंद्र होणार!" ते मला पटत नाही. शर्यतीसाठी केलेल्या रस्त्यांनी सायकल प्रवासी येत नसतात.

का, ते सांगतो. शर्यत येते तेव्हा बाकीची वाहतूक थांबवतात. पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका आणि मधला अख्खा रस्ता सायकलस्वाराचा. त्याला लागतो गुळगुळीत डांबराचा थर, तोही काही तासांपुरता. मागे दोन पिशव्या बांधून चार दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या माणसासाठी कोणी रस्ता बंद करत नाही. तो डंपर, टँकर आणि शनिवार-रविवारच्या पर्यटक गाड्यांच्या सोबत चालतो. त्याचा जीव रस्त्याच्या मध्यावर नसतो, कडेला असतो. आणि कडेकडे बघायला आपल्याकडे कोणाला वेळ नाही.

एकच रस्ता उदाहरणाला घेतो, भोर ते महाड. साधारण ८० किलोमीटर. मी हा रस्ता अनेक वर्षं सायकलने करतोय आणि सह्याद्रीत सायकल प्रवासासाठी इतका सुंदर मार्ग क्वचितच असेल. भोर सोडलं की नीरेचं खोरं सुरू होतं. रस्ता नीरा-देवघरच्या जलाशयाला वळसे घालत जातो. नदीच्या पाण्याला जसा हळूहळू उतार मिळतो, तसाच आपल्याला हळूहळू चढ मिळतो, पायाला कळतही नाही. हिर्डोशी मागे पडतं, शिरगाव येतं. तिथे नीरेचा उगम. मग वाघजाईचं देऊळ, भज्यांच्या टपऱ्या, आणि समोर एकदम जमीन संपते. इथे पाणी वाटून जातं. मागचं नीरेतून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला, पुढचं सावित्रीतून अरबी समुद्राला. मग वरंध घाट उतरून माझेरी, बिरवाडी, महाड. वाटेत वाकडी वाट करून शिवथरघळ, आणि महाडहून पुढे रायगड.

एका दिवसात दोन खोरी, एक घाट, देश आणि कोकण. याला नवीन काही बांधायला नको. रस्ता आहे, नदी आहे, गावं आहेत. नाही ती फक्त सायकलवाल्याला जिवंत ठेवणारी दीड मीटरची पट्टी.

आपल्याकडे रुंदीकरण म्हणजे काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी कडेचे जुने वड जातात. मग काँक्रीट येतं. गाड्यांचा वेग दुप्पट होतो. काँक्रीट जिथे संपतं तिथून खाली वीतभर खोल मुरूम, तोही पहिल्या पावसात वाहून गेलेला. कागदावर त्याला साइडपट्टी म्हणतात. गेल्या वर्षी अशाच एका कोऱ्या करकरीत रस्त्यावर मागून आलेल्या डंपरने हॉर्नचा असा सपाटा लावला की मी कडेला सरकलो, पुढचं चाक काँक्रीटवरून खाली घसरलं आणि मी कोपरावर पडलो. डंपर थांबलाही नाही. रस्ता कोणत्या खात्याचा, ठेकेदार कोण, ते इथे काढत बसत नाही. ही तऱ्हा काही एका रस्त्याची नाही.

आता नेहमीचा टोमणा येईल. "इथे लोकांना दवाखाना नाही आणि तुम्हाला शहरातल्या हौशी लोकांच्या सायकली सुचतात!"

थांबा जरा. त्या कडेने कोण चालतं? शाळेत जाणाऱ्या मुली चालतात. मानव विकासच्या योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सरकार एका हाताने मुलीला सायकल देतं आणि दुसऱ्या हाताने तिच्या सायकलीची जागा काढून घेतं. त्याच कडेने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई जाते, मेंढरं घेऊन धनगर जातो, दिंडीतले वारकरी जातात, दुधाच्या किटल्या लावलेला म्हातारा जातो. टायर पंक्चर झालेली एसटी तिथेच उभी राहते. साइडपट्टी हौशी लोकांची कधीच नव्हती. गाडी नसलेल्या प्रत्येकाची ती जागा आहे. सायकल प्रवासी आले तर निदान त्या जागेबद्दल बोलणारं कोणीतरी वाढेल, एवढाच त्यातला फायदा धरा.

दुसरा मुद्दा पैशाचा. मोटारवाला पर्यटक पुण्याहून नाश्ता करून निघतो, वाघजाईला भजी खातो, फोटो काढतो, प्लास्टिकची बाटली दरीत भिरकावतो आणि दुपारी महाडला हायवेवरच्या हॉटेलात जेवतो. खोऱ्यातल्या गावाला काय मिळालं? बाटली. सायकलवाल्याला दर तासा-दीड तासाला काहीतरी खावं लागतं, नाहीतर पाय चालत नाहीत. त्याला चहा लागतो, पिठलं-भाकरी लागते, संध्याकाळी अंथरूण लागतं, पंक्चर काढणारा लागतो. तो जिथे दमतो तिथे पैसे देतो, आणि दमतो तो गावातच.

युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठच्या मार्गाचं नाव आपल्याकडचे लोक फार घेतात. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत माणसं आठवडाभर सायकल चालवत जातात. आपले लोक परत येऊन त्याचे फोटो टाकतात आणि "आपल्याकडे कधी होणार?" म्हणून उसासा सोडतात. त्या मार्गाचा बराचसा भाग म्हणजे प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली काठावरची जुनी वाट आहे. होतं ते जपलं, पाट्या लावल्या, नावेत आणि रेल्वेत सायकल चढवायची सोय केली. जर्मनीत तर २०२० पासून कायदाच आहे, सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. आपण मात्र सायकल म्हटलं की शहरात निळा-हिरवा रंग फासतो, फीत कापतो, आणि महिन्याभरात त्यावर गाड्या पार्क होतात.

मग मागायचं काय? माझ्या मते एवढंच:

१. खोऱ्यातल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दीड मीटर पक्की साइडपट्टी, रस्त्याच्या पातळीत. घाटात दोन्हीकडे जागा नसेल तर निदान चढाच्या बाजूला द्या. उतरणारी सायकल गाड्यांच्या बरोबरीने जाते, चढणारी चालत्या माणसाच्या वेगाने जाते. धोका चढणाऱ्याला जास्त.

२. गटारांवरच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या बसवा. उभ्या पट्ट्यांत सायकलचं चाक अडकतं. याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही, फक्त बसवणाऱ्याला सांगावं लागतं.

३. घाटाच्या पायथ्याला पाटी: चढ किती किलोमीटर, पुढचं पाणी कुठे, पुढचं गाव किती लांब. घाटरस्ते आखताना साधारण २० मीटरला १ मीटर चढ धरतात, तेवढा चढ साधा माणूस साध्या गिअरवर चढू शकतो. पुढे काय आहे ते माहीत हवं, नाहीतर माणूस अर्ध्यात हाय खातो.

४. एसटीत सायकल नेण्याची सोय. जुन्या लाल डब्याच्या टपावर सायकली, कोंबड्यांच्या डालग्या, आंब्याच्या पेट्या सगळं जायचं. नव्या गाड्यांना टपच नाही. घाटमार्गावरच्या दोन-चार गाड्यांना मागे सायकल अडकवायचे हूक लावा.

५. वरंध घाट दर पावसाळ्यात अवजड वाहनांना, आणि दरडी कोसळल्या की सगळ्यांनाच बंद होतो. ते योग्यच आहे. २२ जुलै २०२१ ची तळियेची दरड महाड तालुका विसरलेला नाही. पण घाट बंद की चालू हे भोरला आणि बिरवाडीला मोठ्या पाटीवर लिहा. ४० किलोमीटर चढून गेल्यावर कळून उपयोग काय? आणि मोटारींची गर्दी नाही अशा नोव्हेंबर-डिसेंबरच्या मधल्या वारी हाच रस्ता सायकलींसाठी आहे म्हणून जगाला सांगा.

यातल्या एकाही गोष्टीला शर्यतीइतका खर्च नाही. अडचण पैशाची नाही. साइडपट्टीचं उद्घाटन करता येत नाही, ही अडचण आहे.

तेव्हा एक काम करा. तुमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं असेल, तर पुढच्या ग्रामसभेत फक्त एक प्रश्न विचारा: "नकाशात साइडपट्टी किती मीटर दाखवलीय आणि ती मुरमाची की पक्की?" उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. मिळालेलं उत्तर इथे कमेंटमध्ये लिहा. मग टेप घेऊन आपण स्वतः मोजायला जाऊ. मी सायकलवर येतो, तुम्ही कसेही या.