बुडणाऱ्यालाच आरोपी करू नका

शिरूरची घोड भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते. त्याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा जण दगावले.

अशा दुर्घटनेनंतर पहिला सवाल मृतालाच केला जातो: जॅकेट का घातले नाही? बोट बांधणारा, इंजिन विकणारा, भाडे घेणारा धनी नामानिराळा! २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरतो खरा. पण त्याचेच ८७ वे कलम म्हणते की, धोका उघड असेल तर सूचना न दिल्याचा दोष उत्पादकावर नाही. पाणी बुडवते, हे उघडच आहे. परंतु ही बोट किती माणसे पेलते, हे दौंडहून सहलीला आलेल्या रेल्वे कामगाराला कसे उघड व्हावे? तो तिकीट काढतो. बोटीचा तळ तपासत नाही. दारू पिऊन सुकाणू धरणाऱ्याची गय कोणीच मागत नाही.

बोटीवर बांधणाऱ्याचे नाव व क्षमता ठळक रंगवलेली नसेल, माणशी एक जॅकेट नसेल, तर बोट किनारा सोडता कामा नये. शिरूर व दौंडच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी पावसाळ्यापूर्वीच तहसील कचेरीत नेली पाहिजे.