विश्लेषण : पुराच्या बातमीतला ‘क्युसेक’चा आकडा येतो कुठून? नदीचा वेग मोजणे इतके अवघड का?

पावसाने जोर धरला की सांगली-कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दोन आकडे फिरू लागतात. पहिला पातळीचा : आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर. दुसरा विसर्गाचा : नदीतून किती क्युसेक पाणी वाहते आहे. पातळी पट्टीवर डोळ्यांनी वाचता येते. नदीतला क्युसेक मात्र पाण्याच्या वेगावरून काढावा लागतो आणि ऐन पुरात हा वेग मोजणेच सर्वांत कठीण असते. पूररेषेपासून अलमट्टीच्या वादापर्यंत अनेक प्रश्न या मोजमापाशी जोडलेले आहेत. ते कसे?

क्युसेक कसा काढतात?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी. नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा सरासरी वेग, हे त्याचे सूत्र. समजा, पात्र २०० मीटर रुंद, पाणी सरासरी १० मीटर खोल आणि वेग सेकंदाला दीड मीटर आहे. विसर्ग झाला ३,००० घनमीटर प्रति सेकंद, म्हणजेच सुमारे १ लाख ६ हजार क्युसेक. आता पातळी तीच ठेवून वेग १.२ मीटर धरला, तर हाच आकडा सुमारे ८५ हजारांवर येतो. पट्टीवरचा फूट तोच, पण हिशेबात २१ हजार क्युसेकचा फरक पडतो.

नदीचा वेग सगळीकडे सारखा नसतो का?

नसतो. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी रेंगाळते, तर पात्राच्या मध्यभागी, पृष्ठभागाजवळ ते सर्वाधिक वेगाने धावते. वळणावर वेगवान धार बाहेरच्या काठाकडे सरकते, पुलाच्या खांबामागे भोवरे होतात. प्रत्येक बिंदूवरचा वेग आणि त्याची दिशा यांच्या या नकाशाला अभियांत्रिकीत ‘वेगक्षेत्र’ म्हणतात. एका जागी वेग मोजून नदीचा विसर्ग सांगता येत नाही, तो यामुळेच.

प्रत्यक्ष मोजणी कशी होते?

जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत करंट मीटरची. नदीची रुंदी साधारण २० ते २५ पट्ट्यांत विभागतात. प्रत्येक पट्ट्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर मीटर सोडतात, कारण तिथला वेग त्या उभ्या रेषेतील सरासरीच्या जवळ असतो. अधिक अचूकता हवी असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीवर मोजून सरासरी काढतात. मीटरच्या वाट्या पाण्याच्या धारेने फिरतात आणि फेऱ्यांवरून वेग कळतो. हे मीटर आधी स्थिर पाण्यातून ठरावीक वेगाने ओढून तपासावे लागतात. १९१६ मध्ये सुरू झालेल्या, पुण्याजवळ खडकवासल्यात असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ही सोय आहे.

नवे उपकरण ‘एडीसीपी’. बोटीला किंवा तराफ्याला बांधलेले हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडते. गाळाच्या कणांवरून त्या परततात तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. गाडी जवळ येताना आणि दूर जाताना तिच्या हॉर्नचा आवाज बदलतो, त्याच डॉप्लर परिणामाचा हा उपयोग. एका फेरीत काठापासून काठापर्यंत आणि वरपासून जवळजवळ तळापर्यंतचा वेग मिळतो.

मग पुरात अडचण काय?

मोठ्या पुरात झाडे, ओंडके वाहून येतात. बोट घालणे जिवावरचे असते, तारेवरचा मीटर धारेने फरपटतो. तळाची वाळूच सरकू लागली तर एडीसीपीचे गणितही चुकू शकते. म्हणून एरवी केलेल्या मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार ठेवतात. पुरात फक्त पातळी वाचायची आणि आलेखावरून क्युसेक काढायचे.

मात्र आलेखाचा सर्वांत वरचा भाग बहुधा अंदाजाने पुढे वाढवलेला असतो, कारण त्या पातळीला मोजण्या फारच कमी झालेल्या असतात. शिवाय कमी उताराच्या नदीत पूर चढताना वेग जास्त, तर ओसरताना त्याच पातळीला कमी असतो. खालून फुगवटा आला की पातळी वाढते, पण वेग मंदावतो. अशा वेळी नुसत्या पातळीवरून काढलेला विसर्ग फसवा ठरू शकतो.

संगणकीय मॉडेल काय करते?

नदीचे पात्र आणि पूरमैदान यांचे लहान चौकटींत तुकडे करून प्रत्येक चौकटीत पाण्याचे वस्तुमान आणि संवेग यांचा हिशेब मांडला जातो. मुळात ही समीकरणे फ्रेंच अभियंता सां-व्हेनां यांनी १८७१ मध्ये मांडली. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचे ‘हेक-रास’ हे मोफत सॉफ्टवेअर ती सोडवते.

यातील नाजूक जागा म्हणजे खडबडीतपणाचा ‘मॅनिंग गुणांक’. स्वच्छ पात्रासाठी तो ०.०३ च्या आसपास, तर दाट झाडोऱ्यासाठी ०.१ पर्यंत धरतात. काठापर्यंत उभा ऊस, भराव, बांधकामे यांमुळे पाणी अडखळते. रुंद पात्रात हा गुणांक दुप्पट झाला, तर तेवढेच पाणी वाहून न्यायला सुमारे दीडपट खोली लागते. खरा गुणांक किती, हे प्रत्यक्ष पुरात मोजलेल्या वेगाशी मॉडेल जुळवूनच ठरवता येते.

सामान्यांचा यात काय संबंध?

राज्यात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. भूखंडावर बांधकाम करता येईल की नाही, हे त्यावर ठरते. या रेषा अशाच गणितातून येतात.

अलमट्टीच्या वादाशी नाते काय?

अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये मान्यता दिली. त्याला महाराष्ट्रातून विरोध आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टी हे पुराचे मुख्य कारण नसल्याचे म्हटले. पूरग्रस्त भागातील अनेकांना ते मान्य नाही.

वारणा हरिपूरजवळ आणि पंचगंगा नृसिंहवाडीजवळ कृष्णेला मिळते. मुख्य नदी तुडुंब असली की या उपनद्यांचे पाणीही तुंबते. म्हणजे फुगवटा संगमाचा, पात्रातील अडथळ्यांचा की खालच्या धरणाचा, हे वेगळे काढायला हवे. त्यासाठी एकाच वेळी अनेक ठिकाणी पातळी आणि वेग दोन्ही मोजलेले असावे लागतात.

उपाय काय?

पुलावर बसवलेला रडार संवेदक पाण्याला न शिवता पृष्ठभागाचा वेग सतत टिपतो. पुलावरील कॅमेऱ्याच्या चित्रफितीत फेस आणि कचरा किती सरकला, यावरूनही वेग काढता येतो. दोन्हींत पृष्ठभागाचाच वेग मिळतो. त्याला साधारण ०.८५ ने गुणून सरासरी धरतात आणि पात्राचा छेद दर पुरानंतर नव्याने मोजावा लागतो. पण माणसाला पुरात न उतरवता रात्रीही मोजणी चालू राहते. पातळीच्या शेजारी वेगाचीही नोंद नियमित होऊन ती खुली झाली, तर पुढच्या पुरात इशारा आणि वाद या दोन्हींना मोजलेल्या आकड्यांचा आधार मिळेल.